ताप उतरल्यावर

पूर्व युगांडात माउंट एल्गन या जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी म्बाले नावाचे शहर आहे. २००० साली बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन न्यूरोसर्जन बायकामुलांसह तिथे राहायला गेले. लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी ‘क्युअर’ नावाचे रुग्णालय तिथे उभे राहत होते. रुग्णालयाचे दार उघडले आणि आयांची रीघ लागली. त्यांच्या मांडीवरच्या बाळांची डोकी शरीराच्या मानाने फार मोठी होती. टाळू फुगून वर आलेली, कपाळावरच्या निळ्या शिरा तटतटलेल्या, बुबुळे खालच्या पापणीकडे झुकलेली. मेंदूत पाणी झाले की बाळ असे दिसते. वैद्यकात याला हायड्रोसेफॅलस म्हणतात.

हा आजार वॉर्फ यांच्या परिचयाचा होता. श्रीमंत देशांत तो बहुधा जन्मजात दोषामुळे होतो, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे. म्बालेतल्या आया मात्र वेगळेच सांगत होत्या. बाळ जन्मले तेव्हा धडधाकट होते, रडले, अंगावर प्यायले. काही दिवसांनी त्याला ताप आला, झटके आले. कसेबसे वाचले. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यानंतर काही आठवड्यांत डोके वाढू लागले. एकामागून एक आई हेच सांगे. वॉर्फ यांनी नोंदी ठेवल्या आणि २००५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्याकडे आलेल्या सुमारे साठ टक्के मुलांच्या मेंदूत पाणी होण्याचे कारण जंतुसंसर्ग हे होते, आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्याच्या पहिल्याच महिन्यात झाला होता.

नवजात बाळाच्या संसर्गाचा हिशेब आपण सहसा मृत्यूंच्या आकड्यांत मांडतो. ते आकडे मोठेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २३ लाख बाळे पहिला महिना पूर्ण होण्याआधी दगावली, आणि जंतुसंसर्ग हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. पण जे बाळ वाचते त्याच्या मेंदूचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या आकड्यांच्या मागे दडून राहतो. म्बालेतल्या आयांनी तो डॉक्टरांसमोर आणून ठेवला.

पाणी कुठून येते, कुठे अडते

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतींवर रक्तवाहिन्यांची झालर असते आणि ती स्वच्छ, पारदर्शक पाणी स्रवते. मोठ्या माणसात हे पाणी दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होते. अरुंद वाटांमधून ते एका पोकळीतून दुसरीत जाते, मेंदूच्या बाहेरच्या बाजूला येते आणि तिथून रक्तात शोषले जाते. मोरीचे भोक बुजले, नळ मात्र चालूच राहिला, तर जे होईल तेच इथे होते. स्रवणे थांबत नाही, वाट बंद असते, पोकळ्या फुगत जातात.

नवजात बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना सांधलेली नसतात. त्यामुळे आतला दाब वाढला की कवटी ताणली जाते आणि डोके मोठे होते. पोकळी आणि कवटी यांच्यामध्ये मेंदूचा थर पातळ होत जातो.

संसर्ग इथे दोन प्रकारे घाव घालतो. जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणात आणि पोकळ्यांत शिरले की पू साचतो, मृत पेशींचा गाळ जमतो, नंतर व्रण धरतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. हा पहिला घाव. त्याच वेळी जंतूंची विषे आणि त्यांच्याशी लढताना शरीराने पेटवलेला दाह मेंदूच्या पेशींनाच मारतो. हा दुसरा घाव. पहिल्यावर शस्त्रक्रियेने इलाज करता येतो. दुसऱ्यावर अजून तरी इलाज नाही. म्बालेतून सुरू झालेले सगळे संशोधन या फरकाभोवती फिरते.

शाहजहानपूरची नळी

साचलेले पाणी काढण्याचा रूढ उपाय म्हणजे शंट. ही एक बारीक नळी असते. तिचे एक टोक मेंदूच्या पोकळीत आणि दुसरे त्वचेखालून नेऊन पोटात सोडतात. मधल्या झडपेमुळे पाणी एकाच दिशेने, ठरावीक दाबाने वाहते. युगांडात पहिली अडचण पैशांची होती. पाश्चात्त्य कंपनीचा शंट सुमारे ६५० डॉलरना पडत असे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूर इथे बनणारा छाब्रा शंट ३५ डॉलरना मिळे. वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये या दोन्ही शंटची तुलना केली. वर्षभरानंतर परिणामांत फरक दिसला नाही. भारतात बनलेल्या स्वस्त नळीने आफ्रिकेतल्या गरीब घरांतली मुले जगवली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगण्याजोगी आहे.

दुसरी अडचण पैशांनी सुटणारी नव्हती. शंट तुंबतात, त्यांना संसर्ग होतो. मुलांना बसवलेल्या शंटपैकी जवळजवळ निम्मे दोन वर्षांत बिघडतात. मोठ्या शहरात आईवडील बाळाला घेऊन तडक रुग्णालय गाठतात. दिवसभर पायपीट करून मग बस पकडावी लागणाऱ्या खेड्यात बिघडलेला शंट म्हणजे मृत्यू. म्हणून वॉर्फ यांनी दुर्बिणीची वाट धरली. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून द्यायची, आणि पाणी स्रवणारी झालर जाळून स्राव कमी करायचा. या दोन क्रिया त्यांनी एकाच शस्त्रक्रियेत जोडल्या. बाळाच्या अंगात बिघडणारे काही मागे राहत नाही.

ही पद्धत शंटच्या तोडीची आहे का, हे ठरवण्यासाठी म्बालेतच संसर्गामुळे मेंदूत पाणी झालेल्या शंभर बाळांवर चाचणी झाली. कोणाला शंट बसवायचा आणि कोणावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांतल्या बाळांच्या आकलनात फरक नव्हता. नळीवर अवलंबून न राहता तसाच परिणाम मिळू शकतो, असे दिसले. त्याचबरोबर दुसरेही एक सत्य समोर आले. शस्त्रक्रिया कोणतीही असो, संसर्गाने मेंदूचे जे नुकसान करून ठेवले होते ते भरून येत नव्हते. अनेक मुले वयाच्या मानाने मागे राहिली. उत्तम सर्जन, उत्तम शस्त्रक्रिया आणि तरीही उशीरच. डोके वाढण्याच्या आधीच्या तापापर्यंत मागे गेल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

जंतूचा माग

तो ताप कोणत्या जंतूचा होता? इथे सगळेच अडत होते. बाळ शस्त्रक्रियेसाठी येई तोवर संसर्ग होऊन आठवडे उलटलेले असत. मेंदूतले पाणी काढून प्रयोगशाळेत वाढवायला ठेवले तरी बशीत काहीच उगवत नसे. तेव्हा अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात असलेले न्यूरोसर्जन आणि संशोधक स्टीव्हन शिफ या कोड्यामागे लागले. जंतू उगवत नसेल तर त्याचा डीएनए शोधावा, हा त्यांचा विचार. प्रत्येक जिवाणूत एक ठरावीक जनुक असते. सगळ्या जिवाणूंत ते साधारण सारखे असले, तरी त्यातला काही भाग जातीगणिक बदलतो. तेवढा भाग वाचला की कोण येऊन गेले ते कळते.

२०११ च्या पहिल्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर या गटातल्या जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. पथक रुग्णांच्या खेड्यांत गेले. शेणाने सारवलेल्या जमिनींचे नमुने घेतले गेले आणि तिथेही त्याच गटातले जिवाणू सापडले. पण ॲसिनेटोबॅक्टर मातीत, पाण्यात, त्वचेवर सगळीकडेच असतो. तो सापडला एवढ्यावरून तोच गुन्हेगार ठरत नाही.

मग शिफ यांनी आभाळाकडे पाहिले. पाच वर्षांतल्या ६९६ रुग्णांची गावे आणि आजाराच्या तारखा त्यांनी उपग्रहांनी टिपलेल्या पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या भागात वर्षातून दोन पावसाळे असतात. रुग्ण ना ऐन कोरड्या दिवसांत वाढत होते, ना मुसळधार पावसात. पाऊस मध्यम असे तेव्हा, म्हणजे ओल्या दिवसांकडून कोरड्या दिवसांकडे आणि कोरड्यांकडून ओल्यांकडे जाताना, रुग्णांची संख्या चढत होती. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बाळाच्या मेंदूतला आजार पावसाच्या तालावर चढउतार करत असेल, तर त्याचा जंतू माणसाकडून माणसाकडे जाणारा नसून माती-पाण्यात राहणारा असावा, असा तर्क निघाला.

निर्णायक टप्पा २०२० मध्ये आला. म्बालेतल्या शंभर बाळांच्या मेंदूतले पाणी तपासले गेले. यातल्या ६४ बाळांना संसर्गानंतर हा आजार झाला होता, ३६ बाळांना इतर कारणांनी. दोन्ही गटांत बाळे एकाच प्रदेशातली, शस्त्रक्रिया त्याच खोलीतल्या. त्यामुळे बाहेरून मिसळलेला कचरा दोन्हीकडे सारखाच असणार होता आणि खरा फरक उठून दिसणार होता. फरक दिसलाही. संसर्गाच्या गटात पेनिबॅसिलस नावाचा जिवाणू ठळकपणे आढळला. अनेक बाळांत त्याच्या जोडीला सायटोमेगालो विषाणूही होता.

पेनिबॅसिलस हे नाव बालरोगतज्ज्ञांच्या बोलण्यात कधी येत नसे. मातीत राहणारा हा जिवाणू वाईट दिवसांत बीजाणूच्या कवचात दडून बसतो. त्याचा एक भाऊबंद मधमाश्यांच्या अळ्या मारतो म्हणून मधपाळ त्याला ओळखतात. माणसाच्या बाळाचा मेंदू पोखरणारा म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. पुष्कळ खटपटीनंतर खास माध्यमात तो जिवंत वाढवण्यात यश आले. ही पेनिबॅसिलस थायमिनोलिटिकस या जातीची उपजात निघाली आणि तिला म्बालेचेच नाव मिळाले. संग्रहातली जुनी उपजात टोचलेल्या उंदरांना काही झाले नाही. म्बालेची उपजात टोचलेले उंदीर मेले.

पुढचे पाऊल डोके वाढण्याच्या आधीचे होते. म्बाले आणि युगांडातल्याच म्बरारा इथल्या रुग्णालयांत सेप्सिसच्या, म्हणजे रक्तातून अंगभर पसरलेल्या संसर्गाच्या, लक्षणांनी आलेल्या ६३१ नवजात बाळांची तपासणी झाली. ३७ बाळांत, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांत, पेनिबॅसिलस सापडला. ही सगळी पूर्ण दिवसांची बाळे. त्यातली पाच वर्षभरात दगावली. वाचलेल्या ३२ पैकी पाच बाळांच्या मेंदूत पाणी झाले. तापापासून फुगलेल्या टाळूपर्यंतची साखळी पहिल्यांदाच सलग दिसली. रुग्णांची गावे नकाशावर मांडली तेव्हा ती क्योगा सरोवराच्या पाणथळ पट्ट्यात एकवटलेली आढळली. पावसाचा तर्क इथे जमिनीवर उतरला.

या शोधाची खरी किंमत औषधाच्या बाटलीपाशी कळते. नवजात बाळाला सेप्सिसची शंका आली की जगभर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी देतात. या जिवाणूच्या अनेक नमुन्यांवर ॲम्पिसिलिन चालत नाही, हे आता कळले आहे. वर्षानुवर्षे डॉक्टर नियमाप्रमाणे उपचार करत होते आणि त्यातले निम्मे शस्त्र बोथट होते. यात डॉक्टरांचा दोष नाही. शत्रूचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून बाळ कोणत्या गावातून, कोणत्या हंगामात आले आहे यावरून जंतूचा अंदाज बांधून औषध निवडता येईल का, या दिशेने आता शिफ आणि त्यांचे सहकारी काम करत आहेत.

मेंदूज्वर नसला तरी

जंतू मेंदूपर्यंत पोचलाच नाही तर मेंदू सुरक्षित राहतो, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत १९९३ ते २००१ या काळात जन्मलेल्या, एक किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या सहा हजारांहून अधिक बाळांच्या अभ्यासाने हा समज मोडला. बार्बरा स्टोल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ मध्ये आला. यातल्या ६५ टक्के बाळांना रुग्णालयात असतानाच एखादा तरी संसर्ग झाला होता. दीड-दोन वर्षांची झाल्यावर त्यांना तपासले. संसर्ग झालेल्या मुलांत सेरेब्रल पाल्सी, दृष्टिदोष आणि मंद विकास यांचे प्रमाण अधिक होते, डोक्याची वाढही कमी होती. ज्यांचा संसर्ग केवळ रक्तापुरता होता, मेंदूज्वर झालेलाच नव्हता, त्या मुलांतही हे दिसले.

कारण दाह रक्तातून सगळीकडे फिरतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. दाहाचा निरोप पोचला की त्या चवताळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात आणि त्या या माऱ्यात मरतात. त्यातच संसर्गामुळे रक्तदाब घसरला तर मेंदूला रक्त कमी पडते. म्हणजे जंतूने मेंदूत पाऊलही न टाकता मेंदूचे नुकसान होते.

गडचिरोलीचे उत्तर

उपचार किती लवकर सुरू होतो यावर सगळे अवलंबून असेल, तर रुग्णालयापासून दूर असलेल्या बाळाचे काय? या प्रश्नाचे जगाने मान्य केलेले एक उत्तर महाराष्ट्रातून गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९५-९६ मध्ये खेड्यांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवले. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती शंभरातल्या तिघांनाही मिळाली नव्हती.

मग गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळाचे वजन करत, श्वास मोजत, नाळ पाहत. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले, चांगले ओढणारे बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, नाळेत पू झाला, पोट फुगले, अशा खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की सेप्सिस समजायचे. रुग्णालयात जाणे शक्य नसेल तर आईवडिलांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने औषध द्यायचे. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. सेप्सिस झालेल्या बाळांतल्या मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर उतरला होता. देशभरातल्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

प्रतिबंधाचीही वाट भारतात दिसली आहे. ओडिशातल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या पथकाने साडेचार हजारांहून अधिक निरोगी बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना पहिल्या आठवड्यात सात दिवस उपकारक जिवाणू आणि त्यांचे खाद्य यांचे मिश्रण पाजले. दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये ‘नेचर’ने हे प्रसिद्ध केले.

पण शहरांतले चित्र काळजी वाढवणारे आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान तेरा हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास झाला. सेप्सिसमागे सर्वाधिक आढळलेले जंतू होते ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के नमुन्यांना अनेक प्रतिजैविके दाद देत नव्हती. युगांडातला पेनिबॅसिलस आपला शत्रू असेलच असे नाही. आपले शत्रू वेगळे आहेत, आणि वाट्टेल तशी प्रतिजैविके वापरून आपणच त्यांना बळ दिले आहे.

वाचलेल्या बाळासाठी

नवजात बाळाच्या मेंदूज्वरात मान सहसा ताठ होत नाही. ताप येईलच असेही नाही, उलट अंग गार पडू शकते. दूध सुटणे, रडणे मंदावणे, मलूल होणे, कण्हणे, झटके, फुगलेली टाळू, यातले एक जरी लक्षण दिसले तर दृष्ट काढण्यात, घुटी देण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. त्याच घटकेला बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. नाळेला काहीही लावू नये. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. चीक फेकू नये, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवावे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर असे केल्याने मृत्यू पाव हिश्श्याने घटले आणि सेप्सिसची शंकाही कमी बाळांत आली.

आणि ज्या बाळाला संसर्ग होऊन गेला आहे, त्याची पुढची दोन वर्षे नजरेआड करू नका. डिस्चार्ज कार्ड मिळाले की आजार संपला असे धरू नका. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून घ्या. जन्मतः तो साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतो. वाढ फार वेगाने होऊ लागली किंवा थांबली तर लगेच दाखवा. बाळ आवाजाकडे वळते का, नजर धरते का, मान सावरते का, हे पाहा. शंका आली तर ऐकू येण्याची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथली तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत असते. संसर्गातून वाचलेल्या प्रत्येक बाळाचे नाव तिथे नोंदवले गेले पाहिजे, आणि ही जबाबदारी डिस्चार्ज कार्डावर सही करणाऱ्या डॉक्टरांनी घेतली पाहिजे. मुलाचा जीव वाचवणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे पूर्ण होईपर्यंत नवजात संसर्गावरचा कोणताही उपचार यशस्वी म्हणू नये.